श्रीतुकारामशिष्या बहिणाबाई

कीर्तन उभे राहिले, गुरुपरंपरेला वंदन झाले, की एक अभंग हटकून गायला जातो. आपल्या पंथाचे देऊळ कसे उभे राहिले, पाया कोणी घातला, खांब कोणी दिले आणि कळस कोण झाला, हे सांगणारा तो अभंग. टाळकऱ्यांना तो पाठ, दिंडीतल्या म्हाताऱ्यांना पाठ, शेंबड्या पोरांनाही पाठ. पण हा अभंग कोणाचा म्हणून मंडपात विचारून पाहा. दहातले चार जण ज्ञानोबांचे नाव घेतात, चार तुकोबांचे. शिऊरच्या बहिणाबाईंचे नाव घेणारा क्वचित. ज्या बाईने सगळ्या पंथाला घर बांधून दाखवले, तिचे स्वतःचे घर कसे होते हे आपण फारसे कधी विचारलेच नाही. म्हणून या अंकी बहिणाबाईंचे चरित्र सांगावे असे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. अलीकडे बहिणाबाई म्हटले की लोकांना खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्याही थोर. १८८० साली जन्मल्या, १९५१ साली गेल्या, अक्षर न शिकता जात्यावर आणि शेतात गाणी रचून गायल्या. पण आमच्या या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, तुकोबारायांच्या शिष्या. दोघींमध्ये साम्य एवढेच की दोघींनी आपल्या जिवाचे जे झाले ते स्वतःच रचले आणि स्वतःच गायले. पण एवढेच म्हटले तरी हे साम्य काही लहान नव्हे.

वेरूळच्या घृष्णेश्वरापासून फार दूर नाही असे देवगाव. तेथे आऊजी कुलकर्णी नावाचे ब्राह्मण व त्यांची पत्नी जानकी राहत. पुष्कळ दिवस पोटी संतान नव्हते. नवससायास झाले आणि शके १५५०, म्हणजे १६२८ च्या सुमारास ही कन्या झाली. तो काळ ध्यानात घ्या. लागलीच १६३० चा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात देहूस तुकोबांचे घर बसले. त्याच साली शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला. १६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला आणि देवगावचा मुलूख एका हातातून दुसऱ्या हातात गेला. अशा दिवसांत हे पोर वाढत होते.

नीट बोलताही येऊ नये अशा वयात तिचे लग्न लावले. नवरा शिऊरचे गंगाधरपंत पाठक, वय तिशीचे, बिजवर. वेद पढलेले, भिक्षुकीवर चरितार्थ चालवणारे. त्या काळी यात कोणाला वावगे वाटले नाही. बाईंनीही पुढे त्याबद्दल कुरकूर केलेली नाही, उलट नवऱ्याच्या विद्वत्तेचे कौतुकच केले आहे. पण तिशीचा पुरुष आणि बाहुली खेळणारी मुलगी, हे अंतर पुढच्या सगळ्या कथेत आहे, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

बहिणा सातेक वर्षांची असेल. आऊजींचा भाऊबंदांशी तंटा लागला, डोक्यावर कर्ज झाले. निरुपाय होऊन रातोरात गाव सोडावे लागले. आईबाप, जावई आणि ही चिमुरडी अशी सगळी मंडळी भिक्षा मागत निघाली. गोदावरीच्या काठाने चालत पंढरपुरास पोचली. पंढरीचे पहिले दर्शन बहिणेला झाले ते असे, वारीला म्हणून नव्हे तर परागंदा होऊन. तरीपण त्या सावळ्या मूर्तीपुढे पोरीचा जीव जडला तो कायमचा. पुढे शिंगणापूर, मग रहिमतपूर. तेथील जोशी काशीस गेले होते, त्यांचे काम गंगाधरपंतांनी काही दिवस पाहिले. जोशी परतले तसे ते कामही सुटले आणि ही मंडळी कोल्हापुरास आली. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची होती.

कोल्हापुरात हिरंभट नावाचे वेदसंपन्न ब्राह्मण होते. त्यांनी आपल्या घरी यांना जागा दिली. त्यांना एक कपिला गाय दानात मिळाली होती, ती त्यांनी गंगाधरपंतांना दिली. गाय व्याली. ते वासरू बहिणेच्या अंगाशी असे लागले की ती पाणी आणायला गेली तर मागे वासरू, झाडलोट करू लागली तर पदराशी वासरू. घरदार सोडून, गावोगाव हिंडून आलेल्या त्या मुलीला सवंगडी असा हाच.

त्या दिवसांत कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने चालू होती. समर्थांच्या पंचायतनात ज्यांची गणना होते तेच हे जयरामस्वामी. आणि ते कीर्तनात अभंग गात ते कोणाचे, तर देहूच्या तुकोबांचे. नवल आहे की नाही बघा! तुकोबा इंद्रायणीकाठी आणि त्यांचा अभंग पंचगंगेकाठी दुसऱ्याच्या मुखाने ऐकू येतो. छापखाना नाही, पोथी सगळ्यांच्या हाती नाही, पण गळ्यातून गळ्यात जात शब्द कवीच्याही पुढे चालला होता. त्या गर्दीत आईबरोबर अकरा वर्षांची बहिणा बसत असे, आणि शेजारी वासरू.

एकदा एकादशीचे कीर्तन. माणसांनाच उभे राहायला जागा नाही, तेथे वासराला कोण विचारतो? लोकांनी त्याला बाहेर काढले. वासरू बाहेर हंबरते आहे, बहिणा आत रडते आहे. जयरामस्वामींना हे कळले. ज्याला कीर्तनाची ओढ लागली त्याला जनावर कसे म्हणावे, अशा भावाने त्यांनी वासरू आत आणवले आणि वासराच्या व बहिणेच्या, दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. गावभर चर्चा झाली. कोणी कौतुक केले, कोणी नाक मुरडले.

चर्चा गंगाधरपंतांच्या कानी गेली. भर सभेत आपल्या बायकोच्या डोक्यावर गोसाव्याने हात ठेवला, लोक तिच्याबद्दल बोलतात, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. त्यांनी बहिणेला वेणीला धरून मारले आणि बांधून ठेवले. आईबाप तेथेच होते, पण जावयापुढे त्यांचे काही चालेना. तिकडे गाय आणि वासरू चाऱ्याला तोंड लावीनात. पुढे थोड्याच दिवसांत ते वासरू गेले आणि बहिणा शुद्ध हरपून पडली.

येथे आम्हांला स्वतःचा एक दोष सांगितलाच पाहिजे. आम्ही चाळीस वर्षे कीर्तन करीत आलो. बहिणाबाईंचे आख्यान कितीदा लावले त्याची गणती नाही. पण हा माराचा प्रसंग आला की आम्ही तो दोन वाक्यांत उरकत असू आणि गंगाधरपंतांना पुढे पश्चात्ताप झाला तेथे झटकन जाऊन रंग भरत असू. एका गावच्या सप्ताहात असेच झाले. आरती आटोपल्यावर एक वयस्क माउली पाया पडायला आली. तिने एवढेच विचारले की, महाराज, बाईंनी जे स्वतः लिहून ठेवले ते सांगायला आपण का भ्यालात? आम्ही काहीतरी सारवासारव केली. ती हसली आणि प्रसाद घेऊन निघून गेली. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. घरी येऊन बाईंची गाथा पुन्हा काढली आणि त्यांचे आत्मनिवेदन पहिल्या अभंगापासून सावकाश वाचले. तेव्हा ध्यानात आले की बाईंनी काहीच झाकलेले नाही. झाकले ते आम्ही. पाठशाळेत शास्त्र शिकलो, पण ऐकायचे कसे ते त्या माउलीने शिकवले म्हणा ना.

असो. बहिणा निपचित पडली होती. कार्तिक वद्य पंचमीस तिला स्वप्नात तुकोबारायांचे दर्शन झाले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि कानात मंत्र सांगितला, जो आज प्रत्येक वारकऱ्याच्या ओठी आहे. ज्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही, ज्यांचा फक्त अभंग ऐकला, ते गुरू झाले. बहिणा उठली ती वेगळीच होऊन. तिच्या तोंडून अभंग येऊ लागले, लोक दर्शनाला येऊ लागले.

आता घरात दुसरेच वादळ उठले. आधी राग होता तो गोसाव्याने हात ठेवला म्हणून. आता राग दुहेरी झाला. एक तर गुरू केला तो शूद्र जातीचा, वाण्याचा धंदा केलेला तुकाराम. आणि दुसरे असे की वेद पढले ते नवऱ्याने, पण लोक वाकून नमस्कार करतात ते बायकोला. हे दुसरे शल्य जास्त खोल असते. आम्ही पढीक माणसे आहोत, आम्हांला ते ठाऊक आहे. बाईंनी ते बरोबर ओळखले होते आणि रागद्वेष न ठेवता स्वच्छ सांगितले आहे. अखेर गंगाधरपंतांनी बायकोला माहेरच्या माणसांपाशी टाकून तीर्थयात्रेला निघून जायचे ठरवले. बाई तेव्हा गरोदर होत्या.

त्या वेळी बाईंच्या मनाची काय उलघाल झाली ती त्यांच्या अभंगांतून समजते. बाईच्या जन्माला आल्यामुळे वेद कानी पडायचा नाही, मंत्राचा अधिकार नाही, परमार्थ करायचा तर नवऱ्याची मर्जी पाहिजे; मग देवाने हा देह दिला तरी कशाला, असा त्यांचा देवालाच प्रश्न आहे. शास्त्राला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, घर सोडून त्या निघूनही गेल्या नाहीत. उलट पतिसेवा हा आपला धर्म म्हणून त्यांनी पत्करला आणि त्यावर अभंगही केले. एवढेच वाचून पुष्कळांनी त्यांना निव्वळ पतिव्रता ठरवून टाकले. पण नवऱ्याची सेवा करीन म्हणणाऱ्या बाईने नवऱ्याने काय केले ते सांगायचे टाळले नाही, आणि मार खाऊनही नाम सोडले नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगितल्या. एक घ्यायची आणि दुसरी टाकायची, हा अधिकार आम्हांला कोणी दिला?

निघायच्या वेळेसच गंगाधरपंतांना दुखणे आले. अंथरुणाला खिळले. औषध चालेना, अन्न जाईना. बाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. पडल्यापडल्या त्यांचे मन बदलले. आपण साधूची निंदा केली, हिला छळले, त्याचे हे फळ, असे त्यांना वाटू लागले. ते बरे झाले ते तुकोबांना मानणारे होऊनच. आम्ही पूर्वी ज्या रंगाकडे धावत असू तो हा. खरा आहे, सुंदर आहे. पण आधीचा काळोख सांगितला तरच हा दिवा दिसतो.

मग सगळी मंडळी गाईसकट देहूस आली. ज्यांना स्वप्नात पाहिले त्यांना बाईंनी कीर्तनात उभे राहिलेले डोळ्यांनी पाहिले. देहूस मंबाजी गोसावी होते. बिऱ्हाडासाठी ही मंडळी त्यांच्या मठात गेली. आपला अनुग्रह घ्या असा मंबाजींचा आग्रह. ब्राह्मण कुटुंबाने तुकोबांना गुरू केले हे समजताच ते संतापले, त्यांना हाकलून दिले, वाळीत टाकण्याची भाषा केली. बाईंच्या गाईला नेऊन कोंडून मारले, आणि ते वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण या खेपेस एक फरक झाला, तो मात्र कोणी सांगत नाही. कोल्हापुरात बहिणेच्या बाजूने घरातले कोणीच उभे नव्हते. देहूत गंगाधरपंत तिच्या बरोबर उभे राहिले. लोकांची बोलणी आता दोघांनी मिळून सोसली.

देहूसच त्यांना कन्या झाली, तिचे नाव काशी. पुढे पुत्र झाला, तो विठोबा. १६५० साली तुकोबाराय वैकुंठास गेले तेव्हा बाई जेमतेम बाविशीच्या होत्या. पुढचे पन्नास वर्षांचे आयुष्य त्यांनी गुरूच्या मागे काढले. संसार केला, मुले वाढवली, अभंग रचले. उत्तरायुष्य शिऊरास गेले.

बाईंच्या अभंगांपैकी एका प्रकरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ते म्हणजे ब्राह्मण कोणाला म्हणावे याविषयीचे. संस्कृतात वज्रसूची नावाचे लहानसे प्रकरण आहे. ते अश्वघोषाच्या नावावरही सांगितले जाते आणि मुक्तिकोपनिषदाने सांगितलेल्या १०८ उपनिषदांत वज्रसूचिका म्हणून सामवेदाच्या वाट्याला येते. त्यात एकामागून एक विचारले आहे: जीव ब्राह्मण काय? देह ब्राह्मण काय? जात, ज्ञान, कर्म, दानधर्म, यांपैकी ब्राह्मण कोण? प्रत्येकाला नकार येतो. जातीवरून ठरवावे तर व्यास कोळिणीच्या पोटचे, अगस्ती घटातून झालेले, ऋष्यशृंग हरिणीचे, त्यांचे काय करणार? शेवटी ज्याने आत्मतत्त्व जाणले तोच ब्राह्मण, असा निर्णय दिला आहे.

पाठशाळेत आम्ही हे घोकले होते, परीक्षेला सांगितले होते आणि विसरलो होतो. बहिणाबाईंना वेदाचा अधिकार नाही म्हणून सांगितलेले. त्या बाईंनी हाच विचार ओवीसारख्या सोप्या मराठीत आणून ठेवला. आणि का आणून ठेवला ते त्यांच्या चरित्रावरून उघड आहे. शूद्राला गुरू केले म्हणून नवऱ्याने टाकायचे ठरवले होते. त्याच कारणावरून मंबाजींनी दारातून हाकलले होते. त्या सगळ्यांना बाईंनी भांडून उत्तर दिले नाही. मारणाऱ्या हाताला ज्या शास्त्राचा आधार वाटत होता, त्या शास्त्राचाच निर्णय त्यांनी मराठीत उलगडून पुढे ठेवला. पंडिताने लिहिले असते तर तो वाद झाला असता. बाईंनी गायला म्हणून तो अभंग झाला आणि जात्यापाशी जाऊन बसला.

शके १६२२, म्हणजे १७०० साल. वयाचे बहात्तरावे वर्ष. आपला शेवट जवळ आला हे बाईंनी ओळखले. विठोबा परगावी गेले होते. त्यांना पत्र पाठवून बोलावून घेतले. मुलगा उशाशी बसला तेव्हा बाईंनी त्याला आपले मागचे बारा जन्म सांगितले. कधी वैश्याच्या घरी, कधी ब्राह्मणाच्या घरी, अशी जन्मांची वाट चालत आपण या तेराव्या जन्मी तुकोबांच्या पायाशी आलो, आता फेरा संपला, असे त्यांचे सांगणे. आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी शिऊरास आहे. वैजापूर तालुक्यात कोणी गेलात तर जरूर दर्शन घेऊन या.

बाईंची वाणी मागे राहिली ती शिष्यांच्या आणि घराण्याच्या वह्यांतून. विसाव्या शतकात ती छापून निघाली. १९२९ साली जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन पाद्र्याने तिचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा परदेशातले अभ्यासक स्त्रीने सांगितलेले आत्मचरित्र म्हणून ती वाचू लागले. दूरच्या लोकांनी ती डोळसपणे वाचली आणि आम्ही घरचे देवळाच्या एका अभंगावर थांबलो, ही खंत वाटते.

मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, आपल्या पंथात गाणाऱ्या बाया थोड्या नाहीत. जनीने दळणकांडण गायले, सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न विचारला, कान्होपात्रेने राजसत्तेच्या तावडीतून सुटण्यासाठी धावा केला. प्रत्येकीने आपले दुखणे विठोबापाशी नेले आणि तेथून ते सगळ्यांचे झाले. बहिणाबाईंनी आणखी एक केले. देवडीच्या आत घडलेली, बाईने कोणाला सांगू नये अशी मानली जाणारी गोष्ट त्यांनी चारचौघांत गाता येईल अशी केली. घराची बेअब्रू करायला नव्हे. देवापाशी खोटे बोलायचे नाही, म्हणून.

आता आम्ही आख्यान लावतो तेव्हा तो प्रसंग उरकत नाही. सावकाश सांगतो. बायकांच्या बाजूला शांतता पसरते, पुरुषांच्या बाजूलाही पसरते. मग थोडा वेळ टाळही वाजवीत नाही. आणि शेवटी तो देवळाचा अभंग गाऊन घेतो. गाताना मनात येते की या देवळाच्या पायाचे, खांबांचे, कळसाचे सगळ्यांचे नाव बाईंनी सांगितले, स्वतःसाठी मात्र एक दगडसुद्धा मागितला नाही. तो आपण बसवायचा. आख्यान खरे सांगून बसवायचा, आणि घरी गेल्यावर घरातल्या बाईमाणसाशी नीट वागून बसवायचा. बहिणाबाईंच्या चरणी ही एवढीच सेवा रुजू होवो. पुढच्या वारीत भेटूच.